हरणीचं झबलं: घाबरणाऱ्या कुत्रीसाठी घेतलेल्या जॅकेटचा नऊ महिन्यांचा अनुभव

हे जॅकेट मी मे 2025 मध्ये ऑनलाइन मागवलं, तेव्हा त्याखालचे जवळजवळ सगळे अभिप्राय पहिल्या दोन-चार दिवसांत लिहिलेले होते. एक तर ‘घातलं आणि कुत्रा शांत झोपला’, नाहीतर ‘पैसे पाण्यात गेले’. माझ्या गाठीशी आता वळवाचा पाऊस, अख्खा गणेशोत्सव, दिवाळी आणि गल्लीतल्या तीन वराती एवढा अनुभव आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी कुत्रीबद्दल सांगते, कारण जॅकेट कुणाला बसतं आणि कुणाला नाही हे त्यावर ठरतं. हरणी करवानी (शिकारीसाठी पाळतात ती सडपातळ जात) आणि गावठी यांची मिश्र. जतकडच्या एका मेंढपाळाकडून पिल्लू असताना आणली, आता चौथं वर्ष सरत आलंय, वजन 21 किलो. करवानीची छाती खोल, कंबर बारीक, कातडी पातळ आणि अंगावर चरबी जवळजवळ नाही. माळावर ससा दिसला तर ही डोळ्यांत मावत नाही अशी पळते, आणि सुतळी बॉम्ब वाजला की तीच न्हाणीत बंबामागे जाऊन थरथरते.

आम्ही सांगलीत गावभागात राहतो. 2024 च्या लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रांगोळीसाठी दार उघडं होतं, गल्लीत माळ लागली आणि हरणी पट्ट्यातून मान मागे ओढून निसटली. या जातीचं डोकं मानेपेक्षा फार रुंद नसतं, साधा पट्टा सहज निघतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. रात्रभर आम्ही घाट, आमराई, स्टँड सगळं पालथं घातलं. सकाळी ती हरिपुरात संगमेश्वराच्या देवळाजवळ सापडली, चारही पंजे सोललेले. ती रात्र मी विसरलेली नाही. फटाक्याला कायद्यानं मर्यादा आहे, फुटतो त्या जागेपासून चार मीटरवर 125 डेसिबल. आमची अख्खी गल्लीच चार मीटर रुंद नाही, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींमुळे आवाज घुमतो तो वेगळाच. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहूनही वरचं. आपण ‘एवढं काय त्यात’ म्हणतो, तेव्हा तिला काय ऐकू येतंय ते आपल्याला कळतच नसतं.

म्हणून हे जॅकेट. किंमत साडेचौदाशे. ताणलं जाणारं कापड, मानेपाशी एक पट्टा, छाती-पोटाभोवती दोन पदर, सगळं वेल्क्रोनं बंद होणारं. अंगावर सगळीकडून सारखा, मऊ दाब आला की जीव निवतो, ही त्यामागची कल्पना. तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसंच. पार्सल उघडल्यावर आई म्हणाली, “अगं, कुत्रीला झबलं आणलंस होय?” तेव्हापासून आमच्या घरात त्याला झबलंच म्हणतात.

पहिली चूक माझी. मे अखेरीस एका संध्याकाळी आभाळ भरून आलं, गडगडाट सुरू झाला आणि मी घाईघाईनं झबलं काढून तिच्या अंगावर चढवलं. बसेना म्हणून वेल्क्रो फाडकन उघडलं, पुन्हा लावलं. हरणी जागच्या जागी उभी राहिली. हलेना, बसेना, कापेना. मला वाटलं, झाली शांत! मी तिचा व्हिडिओ काढून मिरजेतल्या आमच्या डॉक्टरांना पाठवला. डॉक्टर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले, बोलणं थोडक्यात. ते म्हणाले, “ही शांत नाही, थिजलीय. डोळ्यांचा पांढरा भाग बघा, कान बघा, शेपूट कुठंय बघा.” मी व्हिडिओ पुन्हा पाहिला. शेपूट पोटाखाली घट्ट, कान मानेला चिकटलेले, तोंड मिटलेलं, मध्येच एक जांभई आणि ओठांवरून जीभ फिरवणं. झोप आलेली नसताना येणारी जांभई ही ताणाची खूण असते. हे मी आधी शिकले असते तर तिची दोन वर्षं तरी कमी भीतीत गेली असती.

‘घातलं आणि शांत झाला’ असं लिहिणाऱ्यांपैकी किती जणांचा कुत्रा असाच थिजलेला असेल, हा विचार मनातून जात नाही. खरंच निवलेला कुत्रा अंग सैल सोडतो, कुशीवर पडतो, खायला दिलं तर खातो. थिजलेला कुत्रा आवडीचा खाऊसुद्धा तोंडात धरत नाही. ही एकच परीक्षा मी आता वापरते: दह्याचं बोट पुढं करते. चाटलं तर ठीक, तोंड फिरवलं तर भीती अजून आहे.

डॉक्टरांनी सांगितलं, झबलं आधी निवांत वेळी तिच्या सवयीचं होऊ दे. नाहीतर ती मनात उलटी गाठ मारेल, झबलं आलं म्हणजे आता काहीतरी फुटणार. मग जूनपासून दीड महिना आम्ही हेच केलं. पहिले चार दिवस झबलं नुसतं तिच्या ताटलीशेजारी पसरून ठेवलं. नंतर पाठीवर नुसतं टाकायचं, दही चाटवायचं, काढायचं. सगळ्यात जास्त वेळ वेल्क्रोच्या आवाजाला लागला. आवाजाला घाबरणाऱ्या प्राण्यासाठी केलेल्या वस्तूला असा कर्कश फर्र आवाज करणारी पट्टी का लावली, हे मला आजही समजत नाही. मी दुसऱ्या खोलीत उशीखाली धरून ते उघडायचे, आणि आई इकडे तिला भाकरीचा तुकडा द्यायची. रोज एक पाऊल जवळ. जुलैच्या मध्यात मी तिच्या कानाशी वेल्क्रो उघडलं, तर तिनं मान वळवून भाकरी कुठंय ते पाहिलं. त्या दिवशी आईनं तिला अख्खी भाकरी दिली.

या काळात ढोलाचाही सराव केला. मोबाइलवर ढोल-ताशाचं रेकॉर्डिंग लावून पाहिलं, पण त्याचा उपयोग थोडाच. मोबाइलमधून ताशा ऐकू येतो, ढोलाचा तो छातीत बसणारा ठोका येत नाही. हरणी रेकॉर्डिंगसमोर घोरायची. मग गावाबाहेर एका मैदानावर एका पथकाचा सराव चालायचा, तिकडे गाडीतून घेऊन जायला लागले. मैदानापासून एवढ्या लांब थांबायचं की ठोका ऐकू येतोय पण ती खातेय, वास घेतेय. पहिल्या दिवशी ते अंतर अर्धा किलोमीटर होतं. झबलं अंगावर, उकडलेलं अंडं हातात, दहा मिनिटं, आणि परत. तिनं खाणं थांबवलं की आपण जास्त जवळ आलो असं समजून मागं फिरायचं. ऑगस्टपर्यंत आम्ही मैदानाच्या कुंपणापासून शंभर पावलांवर आलो. त्याहून जवळ मी नेलंच नाही, नेण्याचं कारणही नव्हतं.

27 ऑगस्टला गणपती बसले. पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीची मिरवणूक, आणि अनंत चतुर्दशीला, 6 सप्टेंबरला, मंडळांच्या मिरवणुका. आमच्या घरात वरच्या मजल्यावर एक खिडकी नसलेली खोली आहे. 2019 च्या पुरानंतर गाद्या, गोधड्या, धान्याची पिंपं कायमची तिथंच चढवलीत. त्या गाद्यांमुळे आवाज तिथं इतका दबतो की गल्लीत काय चाललंय ते कळत नाही. हरणीची जागा तीच ठरवली. मंडळाच्या पोरांना मी आधीच जाऊन विनंती केली होती. आवाज बंद करा असं नाही म्हटलं, कोपऱ्यावर केव्हा येणार तेवढं आधी सांगा, एवढंच. पोरांनी मनापासून लक्षात ठेवलं. “ताई, मारुती चौक सोडला, अर्ध्या तासात तुमच्याकडे,” असा मेसेज आला. झबलं घालून, पंखा मोठा करून, स्टीलच्या ताटलीत थापून गोठवलेलं दही तिच्यासमोर ठेवून मी शेजारी बसले. मिरवणूक कोपऱ्यावर आली तेव्हा जमीन हादरली. तिनं चाटणं थांबवलं, माझ्याकडं पाहिलं, मांडीवर हनुवटी ठेवली. श्वास मोजला, मिनिटाला 38. झोपेत तिचा 18 असतो. म्हणजे भीती होती. पण थोड्या वेळानं ती पुन्हा दही चाटायला लागली आणि मला रडू आलं.

मी तिला सगळा वेळ थोपटत होते. ‘घाबरल्यावर लाड केले की भित्रेपणा वाढतो’ असं मला कितीतरी जणांनी सांगितलेलं. डॉक्टरांनी ते स्पष्ट खोडलं. भीती ही काही मुद्दाम केलेली करामत नव्हे, शाबासकी दिली म्हणून ती वाढत नाही. ती जवळ येत असेल तर येऊ द्यावं, लपायला जात असेल तर ओढून बाहेर काढू नये.

दिवाळीचा हिशेब मात्र वेगळा. ढोल लांबून जवळ येतो, फटाका अचानक फुटतो. झबल्यावर आणि माळ्यावरच्या खोलीवर एवढा भरवसा ठेवायची माझी तयारी नव्हती. डॉक्टरांनी गॅबापेंटिन हे भीती कमी करणारं औषध सुचवलं आणि सणाच्या दोन आठवडे आधी एका साध्या दिवशी ते देऊन बघायला लावलं. बरंच झालं, कारण पहिल्या मात्रेनं ती चालताना झोकांड्या द्यायला लागली आणि त्यांनी ती कमी केली. मात्रा इथं मी लिहीत नाही, ती प्रत्येक कुत्र्याची वेगळी असते. करवानी, ग्रेहाउंड अशा सडपातळ जातींवर भुलीची काही औषधं जास्त वेळ टिकतात, तेव्हा जात कोणती हे डॉक्टरांना सांगायला विसरू नका. आणखी एक. आमच्या ओळखीच्या घरात फटाक्यांसाठी एसेप्रोमाझिन या गुंगीच्या औषधाची गोळी नुसती द्यायचे. त्यानं कुत्रा पडून राहतो, पण भीती आत तशीच राहते, फक्त पळता येत नाही. हे कळल्यापासून मी भेटेल त्याला सांगते.

21 ऑक्टोबरच्या लक्ष्मीपूजनाला दुपारी चारलाच तिला फिरवून आणलं, मान निसटू नये असा आवळणारा मार्टिंगेल पट्टा आणि वर हार्नेस घालून. दारं लावली, वेळेवर गोळी दिली, झबलं घातलं. आठ ते साडेदहा ती खोलीतून बाहेर आली नाही. दोनदा उठली, गोल फिरली, पुन्हा बसली. अकराला भात खाल्ला. आईनं तिच्यावरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

आता वस्तूचे दोष. मापाचा तक्ता नुसत्या छातीच्या घेरावर आहे. हरणीची छाती 66 सेंटिमीटर, कंबर 44. मध्यम माप छातीला बसलं, पोटाशी पोतं. दाब येणार कसा? उघडलेलं पाकीट बदलून मिळणार नाही असं उत्तर आलं, तेव्हा गल्लीतल्या शिंप्याकडून साठ रुपयांत पोटाचा पदर आत घेऊन घेतला. लॅब्राडोरसारख्या भरलेल्या अंगाला हा त्रास होणार नाही. काखेत शिवण घासते, पातळ कातडीवर दोन दिवसांत लाल वळ उठले. तेव्हापासून दर दोन तासांनी काढते, अंग चोळते, गरज असेल तर पुन्हा घालते. वेल्क्रोत केस आणि कुसळं अडकून सहाव्या महिन्यात पकड निम्मी झाली, जुन्या टूथब्रशनं घासलं की थोडी परत येते. आणि उन्हाळ्यात हे घालूच नये. कुत्रं धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर टाकतं, आणि घाबरलेलं कुत्रं आधीच धापा टाकत असतं. मे महिन्यातल्या सांगलीत त्यावर पॉलिस्टरचं आवरण म्हणजे धोकाच.

पाहुणे आले की अंगावर उड्या मारणं, दारापाशी घिरट्या, भुंकणं, यावर झबल्याचा काडीचा उपयोग झाला नाही. ते आनंदाचं उतू जाणं आहे. त्यासाठी पाहुण्यांना बाहेरच थांबवून, तिचे चार पाय जमिनीवर टेकल्यावरच आत घ्यायची सवय लावली. लहान मामा अजून ऐकत नाहीत.

डिसेंबरात एक गोष्ट घडली, तिच्यामुळे हा अभिप्राय लिहायला बसले. समोरच्या घरची वरात अचानक लवकर निघाली आणि झबलं दोरीवर ओलं. आईनं जुन्या सुती साडीची हातभर रुंद पट्टी फाडली. मधला भाग छातीवर, दोन्ही टोकं खांद्यांवरून नेऊन पाठीवर फुली, पोटाखालून आणून पुन्हा वर, आणि गाठ मणक्यावर न येता कुशीला. दोन बोटं सहज आत जातील एवढंच आवळलं. हरणी तशीच ताटलीपाशी गेली, तशीच चाटत बसली. श्वास 36. झबल्यात यापेक्षा कमी कधी आला नव्हता.

म्हणजे साडेचौदाशे वाया गेले का? मला तसं वाटत नाही, त्या झबल्यानंच मला दीड महिना रोज तिच्याशेजारी जमिनीवर बसवलं. पण त्याच्या जाहिरातीत त्या दीड महिन्याचा एक शब्दही नाही, आणि सणाच्या आदल्या दिवशी ते मागवणाऱ्या माणसाला हे कुणीतरी सांगायला हवं. पाचपैकी तीन तारे देतेय, भरलेल्या अंगाच्या कुत्र्यासाठी चार धरा. करवानी, पश्मी, मुधोळ अशी सडपातळ जात असेल तर मापाआधी शिंपी शोधा.

आई आता त्याच साडीच्या उरलेल्या कापडाचं दुसरं झबलं शिवतेय, दुहेरी सुती, वेल्क्रोऐवजी नाड्या. वळीव यायच्या आत ते हरणीच्या सवयीचं करायचंय. कालपासून ते तिच्या ताटलीशेजारी पसरून ठेवलंय.