रॉकेटची मिनीडीव्ही टेप: फायरवायर की यूएसबी कॅप्चर?

विमानाच्या खिडकीतून श्रीहरिकोट्याचं उड्डाण टिपलेली मिनीडीव्ही टेप (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याची छोटी डिजिटल कॅसेट) रत्नागिरीच्या दमट कपाटात पडून असेल आणि आता संगणकावर उतरवायची असेल, तर आधी बुरशी बघा. कडेला पांढरी पूड दिसली तर ती टेप कॅमेऱ्यात घालूच नका. टेप वाचणारं हेड घाण होतं, पुढच्या टेपलाही लागण होते.

फायरवायरने, म्हणजे कॅमेरा थेट संगणकाला जोडणाऱ्या जुन्या डिजिटल केबलने, टेपवरचा डेटा जसाच्या तसा उतरतो, तासाला साधारण 13 जीबी. अडचण पोर्टची: नव्या लॅपटॉपला तो नसतो, जुना डेस्कटॉप आणि फायरवायर कार्ड शोधावं लागतं.

यूएसबी कॅप्चर, म्हणजे कॅमेऱ्याच्या व्हिडिओ केबलमधलं चित्र यूएसबीतून संगणकात घेणारं छोटं उपकरण, स्वस्त, सोपं. पण चित्र आधी अ‍ॅनालॉग होतं, मग पुन्हा डिजिटल. पिवळ्या पिनच्या साध्या व्हिडिओ केबलने धुराच्या शेपटीच्या कडा विरघळतात, ज्वाळेभोवती रंग सांडतो. एस-व्हिडिओ (रंग आणि उजेड वेगळे नेणारी केबल) असेल तर निदान ती जोडा.

आमचं मत फायरवायरलाच. फक्त डीव्हीत, म्हणजे या टेपवरच्या व्हिडिओत, प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची (फील्डची) असते आणि खालचं फील्ड आधी येतं. सॉफ्टवेअरमध्ये उलटं निवडलं तर रॉकेट मागेपुढे थरथरतं. डीइंटरलेस करताना (फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवताना) सेकंदाला 25 नव्हे, 50 फ्रेम ठेवा, आणि विमानाचे हादरे त्यानंतरच काढा. ज्वाळा चित्रीकरणातच पांढरीफटक झाली असेल, तर ती दोन्हींतून तशीच येणार.

हो, पावसाळ्यात एसीच्या खोलीतून कॅमेरा बाहेर आणलात तर आत दव धरतं. तासभर थांबा, मगच टेप घाला.