पहिला ऑडिओ इंटरफेस घेताय? माइक किती लागतील ते आधी ठरवा

नागपुरात घरी रेकॉर्डिंग सुरू करणाऱ्या बहुतेकांना गाणं, पेटी, तबला किंवा गिटार यांतलंच काहीतरी रेकॉर्ड करायचं असतं. त्यासाठी माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा, म्हणजे ऑडिओ इंटरफेस लागतो. बाजारातले चार इंटरफेस नीट तपासून बघण्यासारखे आहेत: बेहरिंगरचे यूएमसी २२ आणि यूएमसी २०२ एचडी, ऑडियंटचा ईव्हीओ ४ आणि फोकसराइटचा चौथ्या जनरेशनचा स्कार्लेट २आय२. आमचं मत आधीच सांगतो. बजेटमध्ये बसत असेल तर २आय२ घ्या, हात आखडता असेल तर २०२ एचडी घ्या. यूएमसी २२ किंवा फोकसराइटचाच धाकटा स्कार्लेट सोलो फक्त किंमत पाहून घेऊ नका.

सोलो आणि यूएमसी २२ यांत माइकचा प्रीअॅम्प (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणारा भाग) एकच असतो. दुसऱ्या इनपुटमध्ये गिटार किंवा कीबोर्ड लागतो, माइक लागत नाही. गिटारची पिन लावून गाणाऱ्याचं त्यावर भागतं. पेटी वाजवत स्वतः गाणाऱ्याचं भागत नाही. एकाच माइकवर दोन्ही घेतलं की पेटी गळ्यावर चढते, आणि मिक्सिंगला बसल्यावर ती वेगळी काढता येत नाही. एक माइक तोंडासमोर वीतभर अंतरावर आणि दुसरा पेटीच्या वर साधारण फूटभर, भात्यापासून लांब, अशी मांडणी हवी. भात्याजवळ माइक गेला की सुरांपेक्षा हवेचा फसफसाट जास्त येतो. तबल्याचंही तसंच. तबला आणि डग्गा वेगवेगळ्या ट्रॅकवर असले तर डग्ग्याची घुमार हवी तेवढी ठेवता येते. इलेक्ट्रॉनिक तानपुरा मात्र माइक इनपुटला लावू नका, तो लाइन इनपुटला द्या. गिटारला ‘इन्स्ट’चं बटण दाबा, नाहीतर आवाज बोथट येतो.

यानंतर बघायचा तो गेन, म्हणजे इंटरफेस माइकचा सिग्नल किती वाढवू शकतो ते. स्टेजवर दिसतो तो शुअरचा एसएम ५८ डायनॅमिक माइक आहे. त्याचा सिग्नल कमजोर असतो, म्हणून हळू गाणाऱ्याला भरपूर गेन लागतो. २आय२ मध्ये गेनची रेंज ६९ डीबी आहे, ईव्हीओ ४ मध्ये ५८ आणि सोलोमध्ये ५७. आकड्यांतला हा फरक कानाला कळतो: रेंज कमी असली की नॉब शेवटाला टेकतो आणि गाण्यामागे ‘स्स्स’ ऐकू यायला लागतं. ऑडिओ टेक्निकाच्या एटी २०२० सारख्या कंडेन्सर माइकला एवढा गेन लागत नाही, पण ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच माइकला मिळणारी वीज, लागतो. आधी केबल लावा, गेन आणि हेडफोन खाली आणा, मग ४८ व्होल्टचं बटण दाबा. स्वस्त बीएम-८०० माइक वापरणाऱ्यांनी त्याच्यासोबत येणारी साडेतीन मिलिमीटर पिनची केबल बाजूला ठेवून एक्सएलआर-टू-एक्सएलआर केबल (दोन्ही टोकांना तीन पिनांचा माइकचा जोड असलेली) घ्यावी. त्या पिनमधून ४८ व्होल्ट जात नाहीत.

२आय२ मधला ऑटो गेन नवख्यांच्या खरोखर उपयोगाचा आहे. बटण दाबलं की तो दहा सेकंद ऐकतो आणि लेव्हल लावतो. या दहा सेकंदांत गाण्यातली सगळ्यात जोरकस जागा गायची, तार सप्तकातली तान असेल तर तीच. लोक इथे गुणगुणतात, मशीन त्या हिशेबाने गेन वाढवतं आणि खऱ्या टेकमध्ये तान फाटते. क्लिप सेफ, म्हणजे आवाज फाटण्यापासून वाचवणारी सोय, चालू असेल तर तो गेन आपोआप खाली घेतो, टेक वाचतो, पण त्या जागेपासून आवाजाची पातळी बदललेली असते. तो टेक पुन्हा घेतलेला बरा. ऑटो गेन आणि क्लिप सेफ दोन्ही सोलोमध्ये नाहीत. २आय२ ची एक गोष्ट खटकते: एक्सएलआर इनपुट मागच्या बाजूला आहेत. माइक सतत बदलणाऱ्याला दर वेळी डबा फिरवावा लागतो. ईव्हीओ ४ मध्येही तसंच आहे, पण त्याचा स्मार्टगेन, म्हणजे त्याचा ऑटो गेन, चांगलं काम करतो. त्याच्या लूपबॅकमुळे ऑनलाइन क्लास घेताना कॉम्प्युटरवरचा लेहरा आणि आपला आवाज एकत्र पाठवता येतात.

२०२ एचडी ला यातलं काही नाही. गेन हाताने लावायचा, आणि अंदाजाला सिग्नल व क्लिपचे दोन दिवे. मोठ्यात मोठा आवाज सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे १२ डीबीच्या आसपास ठेवा. २४ बिटमध्ये शून्याजवळ जायची गरजच नसते. यूएमसी २२ मात्र १६ बिटचा आहे, त्याला स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाजातला उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर) नाही, विंडोजवर एएसआयओ४ऑल लावून काम भागवावं लागतं. आमचा त्याला नकार मुख्यतः यासाठीच आहे. २०२ एचडी ला कंपनीचा ड्रायव्हर मिळतो.

ड्रायव्हर चांगला असला की बफर, म्हणजे आवाज पुढे देण्याआधी कॉम्प्युटर साठवतो तेवढे सॅम्पल, खाली आणता येतो. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूचा २.७ मिलिसेकंद उशीर, १०२४ वर तोच २१.३. गाताना १२८ ठेवा, मिक्सिंगला १०२४. लॅपटॉप जुना असेल आणि १२८ वर कटकट आवाज येत असेल तर डायरेक्ट मॉनिटर (आवाज कॉम्प्युटरमधून न फिरवता थेट हेडफोनला देणारी सोय) चालू करून सॉफ्टवेअरमधला तो ट्रॅक म्यूट करा. स्वतःचा आवाज एकाच कानात आला तर घाबरू नका, मॉनिटर स्टीरिओवर आहे, मोनोवर घ्या.

खोक्यावरच्या १९२ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला भुलू नका. पाच मिनिटांचं, आठ मोनो ट्रॅकचं गाणं २४ बिट ४८ वर सुमारे ३४५ एमबी होतं. १९२ वर तेच १.४ जीबीच्या आसपास, आणि ऐकणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही.

आता आपल्या गावचा प्रश्न: कूलर. मे महिन्यात खिडकीतला कूलर चालू ठेवून केलेलं रेकॉर्डिंग कोणताही इंटरफेस वाचवू शकत नाही. ८० हर्ट्झच्या खालचं कापलं तरी पंख्याची घरघर वरच्या पट्टीतही असते. पहाटे, कूलर आणि त्याचा पंप दोन्ही बंद करून टेक घ्या. कूलरच्या दमट हवेने तबलाही उतरतो आणि कंडेन्सर माइकच्या कॅप्सूलवर ओल धरून चटचट आवाज येतो. माइक वापरून झाला की सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवा.

दुसरी तक्रार येते ती गुणगुण आवाजाची. त्यासाठी चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून बघा. गुणगुण थांबली तर दोष चार्जरचा किंवा अर्थिंगचा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते आणि अर्थिंग कमजोर पडतं. इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्या, लॅपटॉप आणि मॉनिटर स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, इंटरफेसपासून मॉनिटरपर्यंत बॅलन्स्ड टीआरएस केबल (बाहेरची गुणगुण कमी करणारी) वापरा. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन तोडणारे लोक आहेत. ते जीवावर बेतू शकतं, अजिबात करू नका.

सीताबर्डीच्या बाजारातून घ्या किंवा ऑनलाइन मागवा, पक्कं जीएसटी बिल आणि भारतातली वॉरंटी असल्याशिवाय घेऊ नका. दुकानात जाताना स्वतःचा लॅपटॉप, माइक, केबल आणि हेडफोन न्या. इंटरफेस थेट लॅपटॉपच्या यूएसबीत लावा, हबमधून नको. माइक लावून, काही न बोलता गेन हळूहळू पूर्ण वर न्या: ‘स्स्स’ एकसारखा वाढायला हवा, मधे खरखर झाली तर नॉब खराब. हेडफोनचा आवाज अगदी कमी करून दोन्ही कान सारखे वाजतात का बघा. कंडेन्सर माइक दोन्ही इनपुटवर आळीपाळीने लावून ४८ व्होल्ट तपासा. ऑनलाइन आलेल्या पिसावर हे सगळं खोकं उघडल्याच्या दिवशीच करा, कारण माल परत घ्यायची मुदत छोटी असते.