मोबाइलची मॅक्रो लेन्स आणि तुडतुडे : पावसाळा ते मोहोर, वापरानंतरचा अनुभव

तुडतुडे म्हणजे झाडाचा रस शोषणारे, उड्या मारणारे इवलेसे किडे. त्यांचे फोटो काढायला मी मोबाइलची लेन्स घेतली. आधी लेन्सबद्दल बोलतो, कारण बऱ्याच जणांना तेवढंच हवं असतं. मोबाइलला चिमट्याने लावायची, १० पट मोठं दाखवणारी, हजार-दीड हजारातली लेन्स. जूनमध्ये घेतली, आता आंबा मोहोरलाय. काच झकास आहे, चिमटा सुमार. फोनचं कव्हर काढल्याशिवाय तो बसत नाही, आणि मागे तीन कॅमेरे असले की नेमक्या कॅमेऱ्यावर लेन्स आणेपर्यंत किडा पसार झालेला असतो. दिवाळीच्या सुमारास स्प्रिंग ढिली पडली. विक्रेत्याला कळवलं, तर ‘फोटो पाठवा’ म्हणाले. फोटो पाठवले, त्यावर आजतागायत उत्तर नाही. तेव्हापासून रबरबँडवर भागवतोय.

१० पटीच्या लेन्सला किडा साधारण अडीच सेंटिमीटरवर लागतो. २५ पटीची घ्यावी असं कुणालाही वाटेल, पण तिथे हेच अंतर १ सेंटिमीटरवर येतं आणि तुडतुडा कुणाला इतकं जवळ फिरकू देत नाही. १० पटीवरसुद्धा एका वेळी जेमतेम मिलिमीटरभर भाग स्पष्ट येतो. म्हणून फोकस लॉक करायचा, फोन हलकेच पुढेमागे न्यायचा आणि ओळीने फोटो काढत सुटायचं. त्यातले बहुतेक पुसावेच लागतात. टॉर्च थेट मारला की चकचकीत पंखांवर पांढरा भपका उठतो. पार्सलमध्ये येतो तो पातळ पांढरा फोम टॉर्चवर चिकटवला की काम झालं. यावर पैसे खर्चू नका.

आता मुद्द्याचं. लेन्स घेतल्यावर किडे आपोआप ओळखू येतील अशा समजुतीने कुणी घेणार असेल, तर थांबा. किडा ओळखू येतो तो कुठल्या बाजूने फोटो काढलाय त्यावर. सगळे जण वरून काढतात, कारण वरूनच रंग छान दिसतात. पण एकट्या रंगावर तुडतुड्याचं फार पुढे जात नाही. मी आता एकाच किड्याचे तीन फोटो घेतो : वरून, बाजूने आणि समोरून तोंडाचा.

बाजूच्या फोटोत मागच्या पायाची नळी, म्हणजे गुडघ्याखालचा लांब भाग, बघा. तुडतुड्याच्या नळीवर लांबीभर काट्यांच्या ओळी असतात, अगदी कंगव्यासारख्या. पावसाळ्यात ठाण्याजवळ येऊरला झुडपांच्या देठांवर फेस दिसतो, जो लोकांना थुंकी वाटतो. त्यात ज्याचं पिल्लू दडलेलं असतं त्या किड्याच्या नळीवर मात्र एक-दोनच दणकट काटे आणि टोकाला काट्यांचं कडं असतं. तोंडाच्या फोटोत मिशा कुठून निघतात ते पाहायचं. डोळ्यांच्या खालून निघत असतील तर तो भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांच्या गोतावळ्यातला. शेतकरी त्यालाही तुडतुडाच म्हणतात, पण कुळ वेगळं. आणि मानेवरचं कवच मागे पोटावर लांबत गेलेलं, वर शिंगं असतील, तर तो तिसराच. त्याच्या पिल्लांभोवती बहुधा मुंग्यांची वर्दळ असते.

येऊरचं आलंच आहे म्हणून सांगतो, ते जंगल राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. फोटो काढा, किडे डबीत भरून आणू नका. आणि खरं म्हणजे त्यासाठी जंगलात जायची गरजही नाही. श्रावणात आमच्या जिन्यातल्या ट्यूबलाइटवर जे जमतं, तेवढं टिपायलाच रात्र पुरत नाही.

गॅलरीतल्या भेंडीवर मी सर्वांत जास्त शिकलो. पान उलटलं की खाली फिकट हिरवे, तीनेक मिलिमीटरचे तुडतुडे. तिरके चालतात, आणि फोन जवळ आला की पानाच्या पलीकडे सरकतात. पलीकडून बोट दाखवलं की परत अलीकडे येतात! पंखाच्या टोकाजवळ दोन्ही बाजूंना एकेक काळा ठिपका दिसला की भेंडी-कापसावरचा अम्रास्का बिगुट्युला (हे शास्त्रीय नाव) असावा असं म्हणता येतं. पानांच्या कडा पिवळ्या पडून वळायला लागल्या की शंका आणखी कमी. पण ठिपका नसलेला हिरवा तुडतुडा आला की मी गप्प बसतो. या गटात कित्येक जाती बाहेरून सारख्याच दिसतात. नराचं पोट उघडून जननेंद्रियांची ठेवण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय तज्ज्ञही नाव देत नाहीत. तिथे माझी लेन्स काय, हजारो रुपयांचा कॅमेराही थिटा. पिल्लांचं तर विचारूच नका.

फोटो मी आयनॅचरलिस्टवर टाकतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेलं, निसर्गातल्या नोंदी टाकायचं हे ऑनलाइन व्यासपीठ. ते फोटो बघून नावं सुचवतं, पण आधी जमलेल्या फोटोंवर शिकूनच. त्यामुळे ज्या जातीचे फोटोच कमी, तिचं नाव सहसा पुढे येत नाही. सुचवलेल्या नावावर लगेच बोट ठेवायची घाई करू नये. मी सिकाडेलिडी, म्हणजे तुडतुड्यांचं कुळ, एवढंच लिहून सोडतो, जाणकार हळूहळू पुढे नेतात. समोरून काढलेला फोटो असला की उत्तर लवकर येतं, हा माझा अनुभव.

लेन्सचे पैसे खरे वसूल झाले ते आंब्याखाली. आमच्या सोसायटीत आंब्याखाली उभ्या गाड्यांवर मोहोराच्या दिवसांत चिकट थर बसतो. सेक्रेटरी काकांचं मत, ‘झाडाचा चीक गळतोय, फांद्या छाटा.’ मोहोराच्या देठावर लेन्स धरली तर पाचरीसारखे करडे तुडतुडे दाटीवाटीने बसलेले. ते रस शोषतात आणि गोड द्रव बाहेर टाकतात. तो खाली पडतो, पानांवर साचला की त्यावर काळी बुरशी धरते. यांचं ओळखणं त्या मानाने सोपं. पंखांच्या मुळाशी मधोमध जो त्रिकोण असतो, त्यावरचे ठिपके बघायचे. मोठा, फिकट तपकिरी आणि दोन ठिपक्यांचा तो अमृटोडस ॲटकिन्सोनी. तीन ठिपके आणि पंखांवर आडवा पांढरा पट्टा असला तर इडिओस्कोपस निटिड्युलस. सर्वांत लहान, डोक्यावरही काळे ठिपके असलेला तो इडिओस्कोपस क्लायपिॲलिस. काकांना फोनवर दाखवलं. ‘अरे, हे तर जिवंत आहेत की!’ म्हणाले. फांद्या वाचल्या, गाड्या पलीकडे लावायचं ठरलं.

घ्यायचीच असेल तर चिमट्याऐवजी कव्हरवर आट्यांनी बसणारी घ्या, महाग पडली तरी. आणि आपल्याकडच्या दमट हवेत काचेवर बुरशी धरते, म्हणून डबीत सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती अधूनमधून बदला.