वेसनॉथ: सगळं छान, पण हा अर्धमेला ओर्क (बरेच महिने खेळून झाल्यावर)

चांगला लॅपटॉप बंद पडला. लक्ष्मी रोडजवळच्या सर्व्हिस सेंटरवाल्याने मदरबोर्डचा जो आकडा सांगितला तो ऐकून ‘राहू द्या’ म्हणालो. वर नुसत्या तपासणीचे पैसे मागतो! घासाघीस करून निम्मे दिले. घरातल्या जुन्या डबड्यावर चालेल असं फुकटातलं काहीतरी हवं होतं, म्हणून ‘बॅटल फॉर वेसनॉथ’ हा पाळीपाळीने चाली करायचा लढाईचा कॉम्प्युटर गेम. एक पै न देता, एकही जाहिरात न बघता खेळतोय. नकाशे, मोहिमा वगैरेंवर बाकीचे लिहितातच. मला बोलायचंय डॅमेजबद्दल, त्यातही एकाच गोष्टीबद्दल.

इथे युनिट (म्हणजे पटावरचा एक सैनिक) कितीही जखमी होवो, त्याचा मारा तसूभर कमी होत नाही. ओर्क ग्रंट (शत्रूचा राक्षसी शिपाई) जिवाच्या ३८ गुणांवरून १ वर आलाय, तरी त्याचे दोन घाव ९-९ चेच. रात्री तर ११ चे, कारण अंधारात त्या जमातीला २५ टक्के जास्त. अरे, मरतोयस ना? कोथरूडचा मेहुणा सिव्हिलायझेशन ६ खेळतो, त्यात जखमी तुकडी कमजोर होत जाते. ते पटतं. सुरुवातीला विचारलं असतंत तर एवढ्यावरून दोन तारे दिले असते.

आता मत बदललंय, निदान अर्धं. दोन ग्रंट निम्मे-निम्मे करून सोडले तर पुढच्या टर्नला चार घाव आपल्यावर येणार. तेवढाच मारा एकावर ओतून त्याला संपवला तर दोनच. म्हणजे मार वाटत बसण्यात काहीच हाशील नाही. भालाइताचे ७ चे तीन वार असतात, गवतावरच्या ग्रंटला प्रत्येक लागायची शक्यता ६० टक्के, तिन्ही हुकायची ६.४. (ती ६.४ माझ्याच वाट्याला कशी येते, हा वेगळा विषय.) म्हणून शेवटचा घाव जादूगाराचा. जादूचे ७० टक्के कुठल्याही जमिनीवर ७०च, आणि ग्रंटकडे लांबून मारायचं शस्त्रच नाही, त्यामुळे उलटून शून्य. जादूगाराला २० मोहरा पडतात, भालाइताला १४. जीव तुटतो, पण घ्यावा.

शिवाय हा नियम आपल्यालाही लागू आहे. २ वर आलेला माझा भालाईत गावात बसून अंगावर आलेल्या ग्रंटला आधी भोसकतो, तेव्हा तक्रार सुचत नाही.

साडेतीन तारे. फक्त सांगाड्यांपुढे भालाईत नेऊ नका, त्यांना टोचणारं हत्यार ४० टक्के कमी लागतं, ७ चे ४ होतात. तिथे गदावाला न्या.