‘समुद्राकाठचा साधू’: प्रिंट आणि फ्रेम, दोन्हीचा रिव्ह्यू

जर्मन चित्रकार कास्पार डाविड फ्रीडरिखच्या या चित्राचा प्रिंट ऑनलाइन मागवला आणि फ्रेम इथं बेळगावातच करून घेतली.

आधी फ्रेमवाला. प्रिंट 24 बाय साडेपंधरा इंच, त्याच्याकडं तयार फ्रेम 24 बाय 12 ची. म्हणतो, "वर नुस्तं आभाळच हाय की सर, जरा कापून बसवतो, स्वस्तात हुतंय." अहो, पण या चित्रात आभाळ हेच तर चित्र आहे! खाली पांढरट वाळू, मग काळपट समुद्राची बारीक पट्टी आणि वर सगळं रिकामं. उभं असं एकच, तो लांब झग्यातला इवलासा माणूस, त्याचं डोकंसुद्धा समुद्राच्या काळ्या पट्टीतच राहतं, क्षितिजाच्या वर येत नाही. 1808 ते 1810 मध्ये हे रंगवताना फ्रीडरिखनं समुद्रात जहाजं काढली होती, नंतर स्वतःच त्यावर रंग फिरवला (इन्फ्रारेडमध्ये अजून दिसतात म्हणे), म्हणजे नजर टेकवायला काही ठेवायचंच नाही हे त्यानं ठरवूनच केलंय. जर्मन लेखक क्लाइस्टनं 1810 लाच लिहिलं होतं की हे बघताना पापण्या कापून टाकल्यासारखं वाटतं.

साधू म्हणजे श्रद्धा, समुद्र म्हणजे मरण असं लोक लावतात, लावू देत, मला तो दुःखी वाटतच नाही, जुलैत आंबोलीला ढगात रस्ता गायब झाला की गाडीतली बडबड आपोआप थांबते तसा गप्प झालेला वाटतो. आई म्हणाली, "पावसाचं आभाळ हाय, ह्यो तितं कशाला उभारलाय?" यापेक्षा नेमका प्रश्न मला तरी सुचला नाही.

असो. फ्रेम शेवटी मापाची करून घेतली, पैसे जास्त गेले पण काळी बारीक पट्टी, कोपरे एकदम टाइट, काम झकास. फक्त काच साधी लावू नका, मॅट मागा, माझ्या आभाळात ट्यूबलाइट दिसत्या.

प्रिंटवाल्यानं मात्र जुनाच फोटो छापलाय. बर्लिनमधल्या मूळ चित्रावरचं पिवळं पडलेलं व्हार्निश काढून 2016 पर्यंत साफसफाई झाली, तेव्हा आतला निळा वर आला, आणि माझ्याकडं आलंय ते चहा सांडल्यासारखं तपकिरी, पांढरे पक्षी तर शोधावे लागतात. मागवण्याआधी फोटो कधीचा ते विचारा.

फ्रेमला चार स्टार, प्रिंटला दोन, ते पण कागद जाड आहे म्हणून.