फिश शेल ४: रंग नंतर, आधी मॅन्युअल बघा

वागळे इस्टेट असो की महापे-ऐरोलीची एमआयडीसी, सर्व्हरला हात लावणाऱ्या टीममध्ये बॅश हाच घरचा शेल, म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम. त्याच्या जागी फिश हा दुसरा शेल घ्यावा का, हे रंगीत कमांड आणि पुढे उमटणाऱ्या राखाडी सूचना बघून ठरवू नका. त्यांची दोन दिवसांत सवय होते. फिशची खरी कमाई म्हणजे त्याचं डॉक्युमेंटेशन.

बॅशमध्ये एखादी बिल्ट-इन, म्हणजे शेलमध्येच असलेली कमांड अडली की 'हेल्प'चा त्रोटक मजकूर वाचायचा, नाहीतर बॅशच्या त्या अजस्र मॅन पेजात (टर्मिनलमध्येच उघडणाऱ्या मॅन्युअलच्या पानात) बुडी मारायची. फिशमध्ये 'मॅन सेट' म्हटलं की 'सेट' या व्हेरिएबल ठरवणाऱ्या कमांडचंच पान उघडतं, आणि त्यात चालणारी उदाहरणं असतात. बाहेरचं इंटरनेट बंद असलेल्या क्लायंटच्या नेटवर्कवर बसलात की याची किंमत कळते.

हे पान शिळं का होत नाही? फिशच्या सोर्स कोडमध्ये प्रत्येक कमांडची एक मजकूर-फाइल आहे; स्फिंक्स हे डॉक्युमेंटेशन बनवणारं टूल त्या एकाच फाइलपासून मॅन पेजही बनवतं आणि एचटीएमएलही. फिशच्या कोडमध्ये बदल सुचवताना, म्हणजे पुल रिक्वेस्ट टाकताना समोर येणाऱ्या यादीत विचारलेलंच असतं: डॉक्युमेंटेशन बदललं का, टेस्ट जोडली का, चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या यादीत, नोंद केली का. २०२३ मध्ये फिशचा कोड सी प्लस प्लस या भाषेतून रस्ट या भाषेत नेण्याचं सुरू झालेलं काम फेब्रुवारी २०२५ च्या ४.० मध्ये बाहेर आलं. दोनशेहून जास्त हात, २६०० च्या वर कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी. एवढी उलथापालथ होऊनही रोजच्या कमांड बहुतेक होत्या तशाच राहिल्या.

टॅब दाबल्यावर येणारे पर्यायही अंशतः मॅन पेजांतूनच येतात. 'फिश_अपडेट_कम्प्लीशन्स' चालवलं की एक पायथन स्क्रिप्ट ती पानं वाचून पर्याय काढते. म्हणजे ऑफिसच्या अंतर्गत टूलला धड मॅन पेज लिहिलंत, तर टॅबचे पर्याय फुकटात. मात्र डॉकरच्या (प्रोग्रॅम वेगळ्या डब्यात चालवणाऱ्या टूलच्या) छाटलेल्या इमेजमध्ये मॅन पेजंच नसतात. तिथे ही युक्ती चालत नाही.

आता खाचखळगे. पहिला आवृत्तीचा. उबुंटू २२.०४ च्या रेपोत (सॉफ्टवेअरच्या अधिकृत साठ्यात) फिश ३.३.१ आहे, २४.०४ मध्ये ३.७.०. एका कमांडचं उत्तर दुसरीत वापरण्यासाठी लिहितात ती डॉलर-कंसातली कमांड ३.४ पासून चालते, त्यामुळे २२.०४ वर ती चूक म्हणून लाल होते. तिथे डॉलर काढून नुसता कंस ठेवायचा. प्रश्नचिन्ह असलेली यूआरएल ३.x मध्ये वाइल्डकार्ड (फाइलींच्या नावांशी जुळवायचा नमुना) समजली जाते आणि यूआरएलवरून मजकूर आणणारी 'कर्ल' ही कमांड सुरूच होत नाही, यूआरएल अवतरणात टाका. ४.० पासून ही कटकट गेली. हिअरडॉक, म्हणजे कमांडला अनेक ओळींचा मजकूर तिथेच लिहून द्यायची बॅशची सोय, मात्र कुठल्याच आवृत्तीत नाही, 'प्रिंटएफ'ने मजकूर छापून तो पाइपने पुढच्या कमांडला द्या. नेटवरून उचललेली बॅश स्क्रिप्ट फिशमध्ये पेस्ट करण्याच्या फंदात पडूच नका, सरळ बॅशने चालवा.

दुसरा, पाथचा, म्हणजे शेल कमांड ज्या फोल्डरांत शोधतो त्या यादीचा. 'सेट -यू'ने (कॅपिटल यू) पाथ वाढवणारी ओळ कॉन्फिग फाइलीत ठेवली की प्रत्येक नव्या टर्मिनलला तोच फोल्डर पुन्हा जोडला जातो, कारण -यूने बनणारं युनिव्हर्सल व्हेरिएबल डिस्कवर टिकतं. 'फिश_ॲड_पाथ' वापरा, ते आधीची नोंद तपासतं.

देवनागरी नावाच्या फाइलींवर काम करणाऱ्यांसाठी एक: मात्रांच्या रुंदीचा शेलचा हिशेब आणि टर्मिनलचा हिशेब जुळला नाही, की 'पावती' टाइप करताना कर्सर अक्षरापासून एखादं घर सरकतो. फाइल सुखरूप असते, दिसण्याचाच घोळ.

लॅपटॉपवर बेलाशक घ्या. सर्व्हरवर रूटचा (मुख्य ॲडमिन खात्याचा) लॉगिन शेल बदलू नका. लॉगिन बॅशच राहू द्या आणि टर्मिनलच्या प्रोफाइलमध्ये फिश द्या. बदललाच कुठे, तर कॉन्फिगमधले मजकूर छापणारे 'एको' वगैरे 'स्टेटस इज-इंटरॅक्टिव्ह'च्या अटीत घाला, म्हणजे समोर माणूस असेल तेव्हाच ते चालतील. नाहीतर सर्व्हरवर फाइली पाठवणारं एससीपी त्या जादा ओळींवरच अडखळतं, आणि माणूस तासभर फायरवॉलला दोष देत बसतो.