गिरगावच्या चाळीतील तुळयांची दुरुस्ती : एका सेवेचा अनुभव

आमच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरील सागवानी तुळयांना डोळ्यांना दिसेल इतका बाक आला होता, म्हणून रहिवाशांनी वर्गणी काढून एका सल्लागार अभियंत्याकडे काम सोपवले. त्यांची तपासणी मला मनापासून आवडली. तुळई वाकते तेव्हा तिच्या वरच्या भागावर दाब आणि खालच्या भागावर ताण येतो, हे सांगून त्यांनी वायरिंगसाठी कोणीतरी तळाशी पाडलेली खाच दाखवली. ती नेमकी मधोमध, म्हणजे ताण सर्वाधिक असतो तिथेच होती.

कंत्राटदार खालून पट्ट्या ठोकून मोकळा होणार होता. अभियंत्यांनी त्याऐवजी इंग्रजी आय (I) अक्षराच्या आकाराचा लोखंडी गर्डर, त्याची उंच बाजू उभी ठेवून, बसवायला लावला, कारण आयताकृती छेदाची (तुळई आडवी कापल्यावर दिसणाऱ्या आकाराची) उंची दुप्पट केली की त्याची ताठरता, म्हणजे वाकण्याला होणारा विरोध, ८ पट होते, रुंदी दुप्पट केल्यास मात्र ती जेमतेम दुप्पट होते. गर्डर टेकवण्यापूर्वी जॅकने तुळई हळूहळू उचलली, हे विशेष. नाहीतर आधीचा सगळा भार जुन्या लाकडावरच राहिला असता आणि गर्डर नुसता शोभेला उरला असता. वर्षानुवर्षांच्या भाराने लाकडात मुरलेला बाक पूर्ण गेला नाही, पण तशी कल्पना त्यांनी आधीच दिली होती.

तक्रार एकच. गर्डरची भिंतीतील टोके गंजरोधक रंग न लावताच चिणली गेली, आणि पावसाळाभर भिंती ओल्या राहणाऱ्या मुंबईत हे अक्षम्य आहे. तगादा लावल्यावर ती उघडून रंगवली गेली. जादा पैसे मागितले नाहीत.